मांगराचे छायाचित्र: छंद आणि नोंद

गोव्यातील जुनी घरे, मांगर (बागेतली कामाची आणि साठवणीची इमारत), गोठे आणि मानशींजवळच्या (खाडीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांजवळच्या) राखणदारांच्या खोपी यांची छायाचित्रे काढण्याचा छंद गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतका वाढला आहे. फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव येथील शिक्षक, बँक कर्मचारी, निवृत्त अधिकारी आणि महाविद्यालयीन मुले सुट्टीच्या दिवशी कॅमेरा किंवा नुसता मोबाइल घेऊन गावोगाव हिंडतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची चित्रे शेकडो लोकांच्या पडद्यावर पोहोचलेली असतात. या छंदाचे मला मनापासून कौतुक आहे, कारण ज्या इमारतींकडे सरकारने, संशोधकांनी आणि बऱ्याचदा घरमालकांनीही पाठ फिरवली आहे, त्यांच्याकडे थांबून पाहणारा आज हाच एक वर्ग उरला आहे. मात्र हा छंद सध्या ज्या रीतीने जोपासला जातो, त्या रीतीत पडझड तेवढी टिपली जाते आणि इमारत निसटून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. ही रीत बदलली पाहिजे, आणि ती बदलण्यासाठी छायाचित्रकारांइतकीच पंचायत, ग्रंथालय आणि पुराभिलेख खाते यांनीही पावले उचलली पाहिजेत.

नेहमी पाहायला मिळणारे चित्र आठवून पाहावे. चिऱ्याची खचलेली भिंत, तिच्या फटीतून वर आलेला पिंपळ, अर्धवट उघडे दार आणि त्यातून आत आलेला तिरपा उजेड, असे ते चित्र असते. ते सुंदर असतेच, पण ते पेडण्याचे की काणकोणचे, ती इमारत राहते घर होती की भात साठवण्याची जागा, तिचे छप्पर कसले होते, ती कोणत्या वर्षी अशी दिसत होती, यातले काहीही त्यातून कळत नाही. चित्राखाली 'हरवत चाललेला गोवा' एवढेच लिहिलेले असते. पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती ते पडले, तर काळ सरला याची हळहळ त्याला जाणवेल, परंतु काय सरले हे त्याला कोणीही सांगू शकणार नाही.

मोठ्या वास्तूंच्या बाबतीत ही अडचण येत नाही. जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९७८ चा आहे, आणि त्याखाली किल्ले, मंदिरे, चर्च अशा एक्कावन्न वास्तूंना संरक्षण आहे. लोटली आणि चांदर येथील वाड्यांवर पुस्तके निघाली आहेत. पेडण्याच्या देशप्रभूंचा वाडा कोणाला दाखवावा लागत नाही. परंतु सावईवेऱ्याच्या किंवा केरीच्या कुळागरातला (पोफळी-माडांच्या बागेतला) मांगर, सत्तरीतल्या डोंगरउतारावरची काजूची दारू गाळण्याची भाटी, चोडण-दिवाडीच्या खाजनाकडेची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीकडेची) खोप, किंवा डिचोली तालुक्यातल्या एखाद्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरामागची भाताची खोली यांतले काहीही कोणत्याच यादीत सापडत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा सामान्य गोवेकर ज्या इमारतींमध्ये दिवसाचा मोठा भाग घालवत होता, त्या अशा नोंदीवाचून जात आहेत.

मांगर म्हणजे काय असते, हे गोव्याबाहेरच्या आणि आता गोव्यातल्याही तरुण वाचकांसाठी जरा तपशिलाने सांगितले पाहिजे. फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरातला मांगर माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, पण चिरे मातीत बसवलेले असून चुना फक्त कोपऱ्यांना आणि दाराच्या कडांना लावलेला आहे, कारण चुन्याला पैसे पडत आणि माती जागेवरच मिळे. आतून गिलावा नाही. उत्तरेच्या भिंतीत खिडकीऐवजी चिरे एकाआड एक सोडून वाऱ्यासाठी भोके ठेवली आहेत, आणि सोललेली व सोलायची सुपारी त्याच बाजूला पसरलेली असते. आढे फणसाचे असून वासे माडाचे आहेत, आणि एका वाशाला दोरी घासून घासून बोटभर खोल खाच पडली आहे. नारळांच्या पाट्या तिथून वर ओढल्या जात. दाराच्या आतल्या अंगाला कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघांचे गट आहेत. पाडेल्याने माडावरून उतरवलेल्या नारळांचा तो हिशेब आहे, आणि काही रेघांवर नंतर कोणी चुन्याचे बोट फिरवून ते खाते मिटवल्याचेही दिसते. एका कोपऱ्यात चूल आणि तिच्यावरचा काजळीचा पट्टा आहे, कारण काजूच्या हंगामात माणसे तिथेच राहत. या मांगराची कितीतरी छायाचित्रे मी पाहिली आहेत, आणि ती सगळी बाहेरून, पायवाटेवरून, पोफळीच्या चौकटीत बसवून काढलेली आहेत. वाशावरची खाच आणि दारामागच्या रेघा त्यांतल्या एकातही नाहीत. त्या इमारतीत कोणी, कसे आणि किती काम केले याचा सगळा पुरावा आत आहे, आणि आपले कॅमेरे अजून उंबरठ्याबाहेर उभे आहेत.

या इमारती का जात आहेत याची कारणे माहीत असली, तर त्यांची नोंद किती निकडीची आहे हे ध्यानात येते. नुसत्या आळसाने किंवा अनास्थेने त्या पडत नाहीत. १९६४ चा कूळकायदा आणि त्यातली १९७६ ची दुरुस्ती यांमुळे जमीन कसणाऱ्याच्या मालकीची झाली, आणि हे न्याय्यच झाले. पण त्याचबरोबर भाटकाराच्या घरी येणारे खंडाचे भात बंद झाले आणि ते साठवण्यासाठी बांधलेल्या खोल्यांचे कामच संपले. नांगराची जागा यंत्राने घेतली, बैल गेले, आणि गोठ्यात आता मोटारसायकली उभ्या राहतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आपल्याकडे आलेल्या वारसाहक्कात मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा असतो, ही गोव्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. तरीही तीन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस वाटेकरी होतात, त्यांतले काही मुंबईत, काही लिस्बनमध्ये, काही आखातात असतात, आणि छपराची कौले बदलायला पैसे कोणी काढायचे हे ठरेपर्यंत छप्पर खाली आलेले असते. त्यात जमिनीच्या किमती अशा चढल्या आहेत की इमारतीपेक्षा तिच्याखालच्या जागेलाच मोल आले आहे. जमिनीचा वापर-विभाग बदलण्याला वाट देणाऱ्या, नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) वरून आणि त्यानंतरच्या ३९अ वरून गावागावांत जे रान पेटले, त्याचे मूळ या किमतींतच आहे. अशा स्थितीत कोणता मांगर पुढच्या पावसानंतर उभा असेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तेव्हा छायाचित्र काढणाऱ्याने आपल्या कामाकडे नोंद म्हणून पाहिले, तर हातांतले सामान तेच राहूनही काम पार बदलते. इमारतीच्या चारही बाजू समोरून, शक्य तितक्या सरळ घ्याव्या लागतात. एखाद्या चित्रात तरी मोजमापाची काठी किंवा टेप असावी लागते, म्हणजे दाराची उंची आणि चिऱ्याचा आकार पुढे मोजता येतो. जमीन शेणाने सारवलेली आहे की सिमेंटची, भिंत कुठे जोडली आहे, नंतर वाढवलेला भाग कोणता, हे दाखवणारी जवळची चित्रे लागतात. छप्पर खालून पाहावे लागते. घरगुती नळे कोणते आणि मंगळुरी कौले कोणती हे तिथे एका नजरेत कळते. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, म्हणजे ज्या छपरावर त्या जातीची कौले आहेत ते छप्पर, भिंती कितीही जुन्या असल्या तरी, त्यानंतरच केव्हातरी घातलेले आहे. कौलाच्या अंगावर कारखान्याचे नाव उमटवलेले असते. ते नाव वाचता येईल असे एक चित्र काढायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्यातून घराच्या इतिहासातली एक तारीख हाती येऊ शकते.

ठिकाणाची नोंद हा तर या कामाचा कणाच आहे, आणि नेमका त्याबाबतीतच आपण सर्वांत ढिले आहोत. गोव्यात प्रत्येक जमिनीला सर्व्हे नंबर आणि उपविभाग आहे, एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा ज्याच्या-त्याच्या घरी असतो, आणि मोजणीच्या नकाशावर बहुतेक जुन्या इमारतींची बाह्यरेषाही असते. छायाचित्राला गाव, वाडा, सर्व्हे नंबर आणि तारीख एवढी चार माहितींची जोड दिली, तर इमारत पाडली, रस्ता वळवला, वाड्याचे नावदेखील बदलले, तरी शंभर वर्षांनी ती जागा बोट ठेवून दाखवता येईल. उलट आज आपण चित्रे ज्या संदेश-माध्यमांतून एकमेकांना पाठवतो, ती माध्यमे चित्र लहान करतात आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहितीही बहुधा पुसून टाकतात. मूळ फाइल फोनमध्ये राहते, फोन बदलला की तीही जाते.

आणखी एका गोष्टीबद्दल मला फार वाटते. आपल्या बहुतेक छायाचित्रांत गोव्याची जुनी इमारत ऑक्टोबर ते मेच्या उन्हात दिसते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलण्यासाठी जी बांधली गेली, तिचे खरे काम मात्र जून ते सप्टेंबर या महिन्यांत असते. खाली झुकलेल्या छपराची टोके इतकी पुढे का काढली आहेत, भिंतीला चहूबाजूंनी पडवी का आहे, जोते इतके उंच का, हे पाऊस बघितल्याशिवाय समजत नाही. विणलेल्या चुडतांची झड भिंतीला बांधून मातीची भिंत वाचवण्याची पद्धत आता थोड्याच ठिकाणी उरली आहे, आणि ती झड दसऱ्यापर्यंत उतरलेली असते. मिठागराच्या कडेची झावळ्यांची खोप तर दर हंगामात नव्याने उभी राहते आणि पावसाआधी मोडते. तिच्या बाबतीत जुनी इमारत अशी काही नसतेच, जुने असते ते बांधण्याचे ज्ञान. तिथे खोप कशी बांधतात, गाठ कशी मारतात, आधी कोणता वासा उभा करतात, याची क्रमाने काढलेली चित्रे हवीत आणि ती बांधणाऱ्याच्या हातांची हवीत.

हौशी माणसांच्या हातून असे काम होते का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. इंग्लंडमध्ये सर बेंजामिन स्टोन या खासदाराने १८९७ मध्ये नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड असोसिएशन स्थापन केली. तिचे सदस्य मुख्यतः हौशी छायाचित्रकार होते, त्यांनी जुन्या इमारती आणि लोकांच्या चालीरीती यांची चित्रे काढली आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये जमा केली. चित्र फिकट पडू नये म्हणून ते टिकाऊ प्रक्रियेनेच छापलेले असावे, असा त्यांचा आग्रह होता. ती संस्था १९१० मध्ये बंद झाली, पण चित्रे राहिली. अमेरिकेत १९३३ मध्ये, मंदीच्या काळात, बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम देण्यासाठी जुन्या इमारतींच्या नोंदीची सरकारी योजना सुरू झाली. मोजमापाचे आराखडे, छायाचित्रे आणि लेखी माहिती अशी तिहेरी नोंद तिच्यात होत असे, आणि मोठ्या वाड्यांबरोबरच शेतावरची धान्याची व गुरांची कोठारे, गिरण्या, पूल यांचाही तिच्यात समावेश आहे. ते सगळे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून कोणालाही पाहता येते. तिकडच्या लाकडी कोठारांबद्दल आज जी आस्था दिसते, तिला या कोरड्या, शिस्तशीर नोंदीचा भक्कम आधार आहे.

गोव्यात याची सोय नव्याने उभारण्याची गरज नाही, हा माझ्या म्हणण्यातला महत्त्वाचा भाग आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांच्या सहभागातून जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद केली आहे. गावातली झाडे, भाताच्या जाती, मासे, औषधी वनस्पती यांची माहिती त्या वहीत लिहिली जाते. गोव्यात १९१ पंचायती आहेत. ज्या गावात खाजनातल्या माशांची नोंद होऊ शकते, त्या गावात त्याच खाजनाच्या मानशीची, तिच्या लाकडी दारांची आणि राखणदाराच्या खोपीची नोंद करायला वेगळे खाते लागत नाही. पंचायतीने ग्रामसभेत ठराव करून इमारतींची एक पुरवणी वही उघडावी, छंद असलेल्या लोकांना गावात बोलवावे, आणि जमलेल्या चित्रांची एक प्रत पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने किंवा पुराभिलेख खात्याने जपावी. त्या ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. कागद सांभाळणे ज्यांना येते त्यांनीच चित्रे सांभाळावीत, प्रत्येकाच्या घरच्या हार्डडिस्कवर आणि वारसांच्या मर्जीवर हे सोडू नये.

आता घरात राहणाऱ्या माणसांकडे वळले पाहिजे, कारण या विषयावरचा सर्वांत रास्त आक्षेप त्यांचा आहे. पणजीच्या फोंतायनीसमधल्या रहिवाशांना दाराशी येऊन उभ्या राहणाऱ्या कॅमेऱ्यांचा इतका उपद्रव झाला की छायाचित्रे काढू नका असे फलक लावण्याची वेळ त्यांच्यावर आली. पर्रा गावातल्या माडांच्या रस्त्यावर २०१९ मध्ये पंचायतीने छायाचित्रणासाठी शुल्क लावले आणि टीका झाल्यावर ते मागे घेतले. दोन्ही ठिकाणी लोकांचा राग मला समजतो. इमारतीचे बाहेरून चित्र काढल्याने वास्तुरचनेच्या कॉपीराइटचा भंग होत नाही, असे १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ सांगते, पण त्या कलमाचा दाखला देऊन कोणाच्या तुळशीसमोर तिपाई उभी करणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. आधी जाऊन बोलावे, कशासाठी काढतो ते सांगावे, नाही म्हटले तर परत फिरावे, आणि काढलेल्या चित्रांची छापील प्रत घरात नेऊन द्यावी. घरातल्या आजीने बसायला सांगितले तर बसावे. भिंतीतल्या बंद केलेल्या दाराचे कारण, पडलेल्या माळ्याची हकिकत, कोणत्या वर्षी विहीर खणली, हे सगळे तिच्याकडेच असते आणि ते चित्राइतकेच लिहून घेण्यासारखे असते.

याच संदर्भात एक धोका उघड बोलला पाहिजे. गोव्यातल्या बंद घरांची नक्षीदार दारे, शिंपल्यांच्या खिडक्या आणि जुने फर्निचर यांना मोठा बाजार आहे, आणि रिकाम्या घराचे ठिकाणासह प्रसिद्ध केलेले सुंदर छायाचित्र म्हणजे उचलेगिरी करणाऱ्याला दिलेला पत्ता ठरू शकते. जमीन शोधत फिरणाऱ्या दलालालाही ते उपयोगी पडते. त्यामुळे अचूक ठिकाण संग्रहाच्या प्रतीत लिहावे, आणि लोकांसमोर ठेवायच्या प्रतीत फक्त तालुक्याचे किंवा फार तर गावाचे नाव द्यावे. नोंद पूर्ण असणे आणि ती सगळी चव्हाट्यावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर गावे आपली दारे कायमची लावून घेतील.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. नोंद होते ती कोणाच्या इमारतीची? भाटकाराचे राजांगणाचे घर टिपले जाते, पण त्याच्याच जमिनीत चार खांबांवर उभे असलेले मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर चौकटीबाहेर राहते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ज्यांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण दिले, त्या कुटुंबांची मातीची घरे गोव्याच्या सामाजिक इतिहासातला पहिल्या दर्जाचा पुरावा आहेत. गावडा, कुणबी, वेळीप समाजांच्या वाड्यांवरच्या घरांचेही तेच. ही घरे आज झपाट्याने पक्की होत आहेत, आणि तशी ती व्हायलाच हवीत. ज्या बाईने आयुष्यभर दर पावसाळ्यात गळते छप्पर आणि ढासळती भिंत सांभाळली, तिने स्लॅबचे घर बांधले म्हणून हळहळण्याचा अधिकार कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याला नाही. छायाचित्रकाराने तिच्याकडे जुने घर पाडण्याआधीचा एक दिवस मागावा, आतबाहेर सगळे टिपून घ्यावे, आणि नवे घर उभे राहिल्यावर त्याचेही चित्र त्याच वहीत लावावे.

छायाचित्राने घर वाचत नाही, हे मान्य केले पाहिजे. वाटेकऱ्यांचा वाद त्याने मिटत नाही आणि कौलांना पैसे मिळत नाहीत. पण एखाद्या कुटुंबाने दुरुस्ती करायची ठरवली, तर मूळ छपराचा उतार किती होता आणि गिलावा कसला होता हे सांगणारा आधार त्या चित्रांतच मिळेल. गावाने आपल्या दोन-तीन इमारतींना संरक्षण मागायचे ठरवले, तर त्या वेगळ्या कशा आहेत हे शेजारच्या साठ-सत्तर इमारतींच्या नोंदीशी ताडूनच दाखवता येईल. आज अशी तुलना करायला हातात काही नसल्यामुळे प्रत्येक वेळी आपण भावनेने बोलतो, आणि समोरचा अधिकारी नकाशा दाखवून मोकळा होतो.

ज्यांना हे पटते त्यांनी पंचायतीच्या ठरावाची वाट पाहत बसू नये. एक गाव निवडावे, शक्यतो आपले आजोळ किंवा नोकरीचे गाव, म्हणजे दारे उघडण्याची अडचण कमी येते. त्यातला एक वाडा घ्यावा आणि त्यातल्या सगळ्या इमारतींची, देखण्या-अदेखण्या असा भेद न करता, वर सांगितल्याप्रमाणे नोंद पुरी करावी; पुढच्या वर्षी त्याच जागांवरून तीच चित्रे पुन्हा घ्यावीत. प्रत्येक इमारतीच्या कागदावर दोन सह्या असाव्यात. पहिली घरमालकाची असावी, आणि चित्र कोणाला दाखवायचे व किती काळ झाकून ठेवायचे हे त्याने तिथे लिहावे. दुसरी छायाचित्रकाराची असावी, कारण छायाचित्राचा हक्क आपल्या कायद्यात छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि त्याने हयातीतच वापराची परवानगी लिहून दिली नाही, तर उद्या ग्रंथालयालाही त्या चित्रांच्या प्रती काढण्यासाठी त्याच्या वारसांना शोधत फिरावे लागेल.